घोडा, शिडी, लिंबू

हॅलो?

…घोडा. शिडी. लिंबू… थांबा हं एक मिनिट… डेल, ते बटण दाबू नकोस, खुर्ची मागे जाईल… पडदा. खिळा. आता तू सांग… हॅलो, कोण?

…कोण ग्रँट?

…अच्छा. तो ग्रँट.

हो, रोझलिनच. डेल्मर हुडाकच्या घरात फोन उचलणारी आणखी कोण असणार?… आणि मला रोझ म्हणू नकोस. रोझ फक्त डेल म्हणायचा. आता तो मला 'अहो बाई' म्हणतो.

…शब्द होते ते. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेत. मी पाच म्हणते, तो मागून म्हणतो… दोन. काल एकही नाही, आज दोन. आमचा चांगला दिवस चाललाय. बोल, कशाला फोन केलास?

…ऐकलं की. टीव्हीवर पाहिलं. रविवारी तुझी जर्सी स्टेडियममध्ये टांगणार, तो नंबर परत कुणाला देणार नाहीत. अभिनंदन… मनापासूनच म्हणाले. मन आता एवढंच उरलंय.

…काय? पाचही लाइनमन? तुझ्यावर धावून येणाऱ्यांना अडवायचे ते सगळे, जुन्या जर्सी घालून तुझ्या मागे उभे?… मागे का रे? इतकी वर्षं तर तुझ्यापुढे उभे होते.

…टोमणा नाही, विचारते. अरे, ऐक ना आधी. तुझ्या त्या जर्सीला माती का लागली नाही? डाव्या बाजूला डेल होता म्हणून. तुला आडवा करायला जो बैलासारखा धावत यायचा, तो आधी ह्याच्या डोक्यावर आदळायचा. हंगामभर, दर रविवारी. चेंडूला ह्यानं कधी हात लावला नाही. त्याचं नाव मैदानात कधी पुकारायचे, माहितीये ना? चुकला की.

…हो, खुर्ची आहे अजून. कशी विसरेन? नाताळात तू पाचही जणांना दिलीस, ट्रकमधून उतरवलीस, पाठीवर ज्याचा त्याचा नंबर शिवलेला. अख्खी गल्ली बघायला आली होती. त्याच खुर्चीत असतो दिवसभर. एकट्याला उठता येत नाही तिच्यातून… मी? मी कशी उचलणार? मागच्या आठवड्यात न्हाणीघरात पडला, तर अग्निशमन दलाची चार पोरं आली. एकानं उचलायच्या आधी त्याच्याबरोबर फोटो काढला.

…मदतीला कुणी का ठेवत नाहीस, हे तू मला विचारतोयस? बरं झालं. फोन तू केलास, आता ऐकून घे. गुरुवारी मंडळाची बैठक आहे, जुन्या खेळाडूंच्या मदतीची. त्यांनी हो म्हटलं तर घरी माणूस मिळेल. नाही म्हटलं तर मला त्याला काउंटीच्या सरकारी वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. पन्नाशीचा आहे तो, ग्रँट. आणि सध्या ते नाहीच म्हणतायत.

…का म्हणजे? त्यांच्या मते हे काही मार लागून झालेलं नाही. खेळत होता तेव्हाही त्याची स्मरणशक्ती अशीच होती, म्हणे.

…आश्चर्य वाटतंय? तुला?

बरं, मीच सांगते. दर उन्हाळ्यात, सराव सुरू व्हायच्या आधी, ही शब्दांची परीक्षा. मग हंगामात कुणी डोक्यावर आपटला की पुन्हा तीच. उन्हाळ्यापेक्षा कमी आले तर बाहेर बस. म्हणून तुम्ही शहाणे उन्हाळ्यातच मुद्दाम चुकायचात. घोडा म्हटलं की गाय. लिंबू म्हटलं की आठवत नाही. आणि मग माझ्याच टेबलावर, माझ्या हातच्या पिएरोगी चापत, कोण जास्त मठ्ठ ठरला म्हणून हसायचात… हो, डेल पण हसायचा. सगळ्यात मोठ्यानं.

त्याला कुणी शिकवलं हे?

…नाही. 'सगळेच करायचे' नको मला. नाव विचारलं मी. पहिल्या वर्षी हा खाणीच्या गावातला पोर खरी परीक्षा देऊन आला, आणि तू त्याला दुसऱ्या दिवशी परत बसवलंस. 'रात्री झोप झाली नव्हती म्हणून सांग,' म्हणालास. मंडळाकडे आहे ती दुसरीच, मुद्दाम चुकलेली. पहिली कुणी ठेवलीच नाही.

एवढंच सांग त्यांना गुरुवारी. दोन वाक्यं.

…विचारलं ना. बाकीच्या चौघांनाही विचारलं. ग्रँट बोलला तर आम्ही बोलू, म्हणतात. मैदानातली जुनी सवय. तू आकडा पुकारल्याशिवाय त्यांच्यातला एकही जागचा हलत नाही.

…टीव्हीचं काय?… म्हणजे तुझी समालोचकाची जागा जाईल… रविवारनंतर बघू? गुरुवार रविवारच्या आधी येतो, राजा.

…काय म्हणालास?

…नाही, परत म्हण… 'तो आधीपासूनच जरा मंद होता.'

थांब. हे त्याच्या तोंडावर बोल. नेते फोन त्याच्यापाशी… डेल, हे बघ कोण आहे. स्पीकर लावलाय. हं, बोल, ग्रँट.

…वा. 'कसा आहेस, मित्रा.'… डेल? डेल, बस, उठू नकोस… नाही रे, तू नाही चुकलास… नाही पडला तो. बरा आहे. कुणी नाही पाडलं त्याला… बस खाली. अस्सं.

ऐकलंस? माफी मागतोय तुझी. 'माझ्या बाजूनं आला तो, माझी चूक.' तू पडलास की हाच धावत यायचा ना तुला उचलायला? बायको ओळखू येत नाही त्याला. तुझा आवाज मात्र ओळखू येतो.

आता सांग त्याला, मंद होतास म्हणून.

…ग्रँट?… रडू नकोस. तुझं रडणं घेऊन मी काय करू? गुरुवारी येतोस का?… हो की नाही?

…वकिलाला विचारतो म्हणजे नाही.

ठीक. मग रविवारी डेल येणार नाही. आणि त्याच्या जागी दुसरा कुणी उभा करू नकोस. ती जागा रिकामी ठेव. दिसू दे सगळ्यांना, तुझ्या डाव्या बाजूला आता… हॅलो? हॅलो?

…ठेवला.

कुणी नाही रे, डेल. चुकीचा नंबर… चल, माझ्याबरोबर म्हण. घोडा. शिडी. लिंबू…

पहिल्या उन्हाळ्यातल्या पहिल्या परीक्षेत डेल्मर हुडाकने सगळे शब्द सांगितले होते, दिलेल्या क्रमाने.