हनुवटीवरच्या पट्ट्या

ऐक तर खरं. दुकानाच्या रांगेत माझ्या ताईच्या पुढे बापलेक उभे होते. बापाच्या हनुवटीवर दोन चिकटपट्ट्या.

"बाबा, हा नवा रेझर घ्या. ह्याचं डोकं गालाबरोबर वळतं, कापत नाही."

"तुझा दाबावा लागतो. माझा जुना आपल्या वजनानेच चालतो."

"हात थरथरतो हो तुमचा."

"थरथरू दे. रेझर ओळखीचा आहे."

"आणि उद्या माझ्या लग्नात पट्ट्या लावून मिरवणार?"

"माझ्या लग्नाच्या सकाळी तुझ्या आजोबांनी त्याच जुन्या रेझरने माझी दाढी केली होती. उद्या तुझी मी करणार. म्हणून तर रोज हात बसवतोय."

पोराने स्वतःच्या गालावरून हात फिरवत नवा रेझर परत ठेवला आणि जुन्याची पाती मागितली. सोबत चिकटपट्ट्यांचं पाकीटही.

तू काय घेतलं असतंस?