मदतनिसाचं नाव

शिक्षण कार्यालयाच्या रांगेत दोघी जावा उभ्या होत्या. लेकीला शाळेत मदतनीस मिळावा म्हणून धाकटीने केलेला अर्ज आत्ताच परत आला होता.

“ताई, ‘सोय झालेली आहे’ असा शिक्का मारलाय. कुठली सोय?”

“चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला शाळेनेच मदतनीस द्यायचा, असा कायदा आहे. तू लिहिलंस काय?”

“मदतनिसाचं नाव विचारलं होतं. माझंच लिहिलं.”

“कपाळ माझं. अगं, तू आई आहेस तिची.”

“पण दोन वर्षं वर्गात रोज मीच बसते ना? बसू देतात म्हणून मी बाईंचे आभार मानते.”

“आभार कसले? ते काम शाळेचं होतं.”

“मग नाव खोडू का? अन् खोडलं, तर उद्या तिला उचलायचं कुणी?”