आधी मार्क सांग

विद्यापीठाच्या करिअर सल्ला केंद्राबाहेरच्या बाकावर सल्लागार मॅडम चहा घेत बसल्या होत्या. शेजारच्या दोघी बहिणी त्यांना ओळखत नव्हत्या.

"ताई, चल घरी. त्या मॅडम म्हणे आधी मार्कच विचारतात."

"मग सांग की!"

"सांगितले, की बँकेच्या परीक्षेचं तुणतुणं सुरू. सगळ्यांना एकच औषध!"

"आणि मावशीचं मुकं पडलेलं शिवणाचं मशीन तू गातं केलंस, ते?"

"ते कोण विचारतंय!"

"काय हो काकू, विचारतील का?"

मॅडमना ठसका लागला. कप ठेवून त्यांनी केंद्राचं दार सताड उघडलं.

"ये गं पोरी. मशीन गायला कसं लागलं?"

"अगंबाई!" धाकटी ताईमागे लपली, अन् लगेच हसत पुढे झाली. "आधी ना मॅडम, त्याचं पोट उघडलं..."