करंगळीच्या नखाएवढी शिवण

(नेवाशातलं शिलाई मशीनचं दुकान. आक्काबाईंच्या मांडीवर अर्धवट जोडलेली गोधडी.)

बाबाजान : ...आणि ही घेतलीत तर नाना तऱ्हेची नक्षी निघते, वहिनी.

निकिता : नक्षी नको, बाबाजानभाई. मला चौकोनाला चौकोन जोडायचेत. चार कोपरे एका ठिकाणी आले पाहिजेत. घरच्या मशीनवर मागंपुढं होतात.

आक्काबाई : मी जल्मभर हातानं जोडलं, कवा कोपरा हुकला न्हाई. आता डोळ्यांनी दगा दिला, म्हनून सुनंच्या हाती दिलीय.

बाबाजान : कुणासाठी आहे, मावशी?

आक्काबाई : संस्कृतीचं, माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपन हाय. आमच्यात बारशाला पाळन्यात आजीच्या हातची गोधडी लागती. इकतची चालत न्हाई.

निकिता : म्हणून आत्यांनी जोडलेला भाग तसाच ठेवून उरलेला मी करायचा. कुठून कुणी जोडलं ते कळता कामा नये.

बाबाजान : मग ही सुई आडवी सरकणारी, नक्षीची मशीन नको. हिचं सुईखालचं भोक लांबट असतं, लहान तुकड्याचं टोक आत ओढून घेतं. ही साधी बघा. नुसता सरळ टाका, भोक सुईपुरतंच. थांबलात की सुई कापडातच राहते, तुकडा जागचा हलत नाही. आणि कापड दाबून धरणारा हा पाय बसवला की कडेपासून बरोब्बर पाव इंचावर शिवण.

आक्काबाई : पाव इंच कुनाचा?

बाबाजान : सगळ्यांचा एकच असतो, मावशी.

आक्काबाई : आमचा न्हाई. कडंपासून करंगळीच्या नखाएवढं सोडायचं, असं आईनं शिकवलंय. तेच माप.

निकिता : तिथंच घोळ होतो. पाव इंच नखापेक्षा कमी भरतं, म्हणून माझे चौकोन मोठे होतात. आत्यांच्या ओळीला लावले की शेवटी कापड उरतं.

बाबाजान : मग मावशींचं उसवा आणि सगळंच पाव इंचानं घ्या.

आक्काबाई : तुमी मशीन इका, भाई.

निकिता : उसवायचं नाही. दुसरं काही आहे का?

बाबाजान : आहे की. ही लोखंडी पट्टी. स्क्रू ढिला करून सुईशेजारी हवी तिथं सरकवायची आणि कापडाची कड तिला टेकवून न्यायची. मावशींच्या नखाएवढंच सुटेल. द्या गोधडी, उलट्या बाजूनं माप घेऊन लावून देतो. कुठल्या शिवणीचं घेऊ?

निकिता : वरच्या, आधी जोडलेल्या.

बाबाजान : वरच्या अगदी एकसारख्या आहेत. खालच्या मात्र... एकाच शिवणीत इथं रुंद, इथं अरुंद.

निकिता : तुम्ही वरचीच धरा.

आक्काबाई : आना हिकडं. बोट फिरवू द्या.

निकिता : राहू द्या, आत्या. धुतल्यावर कुणाला कळायचं नाही.

आक्काबाई : मला कळतंय न्हवं. डोळ्याचं न्हाई हे. हात थरथरतोय माझा. कवापासून गं?

निकिता : संक्रांतीपासून. चहा पिताना बशी वाजायची.

आक्काबाई : बोलली न्हाईस.

निकिता : बोलले असते तर तुम्ही सुई खाली ठेवली असती. ही तुमच्याच हातानं पुरी व्हावी, असं वाटत होतं मला.

आक्काबाई : ठेवलीच असती. वाईट वाटलं असतं. आत्ताबी वाटतंय.

बाबाजान : मावशी, वरच्या मापावर पट्टी पक्की करतो. खालचं आहे तसं राहू द्या.

आक्काबाई : कसं राहू द्यायचं? लेकराच्या अंगाखाली वाकडं नगं. तेवढ्या ओळी उसवून निकिता मशीनवर जोडंल.

निकिता : मी नाही उसवणार, आत्या. जोडायला सांगा, रात्रंदिवस बसते. तुमचं उसवायला सांगू नका.

आक्काबाई : तुला कोन सांगतंय? उसवायचं मी बघते. त्याला हात थरथरला तरी चालतंय.