डिकीवरची चार भोकं

आमच्या जुन्या गाडीच्या डिकीवर चार भोकं का, हे तुम्ही दरवेळी विचारता, म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

आधीच्या मालकाने तिथे स्पॉयलर, म्हणजे शोभेचा पंख, बसवला होता. वडिलांनी तो काढून टाकला, भोकं तेवढी राहिली. त्यात माझ्यासाठी रोह्याला मुलगी बघायला जायचं ठरलं. गॅरेजवाला म्हणाला, "पूर्ण डिकी रंगवावी लागेल." तेवढी ऐपत नव्हती.

पेणला आमच्या शेजारी पांडूकाका राहायचे, गणपतीचे मूर्तिकार. ते म्हणाले, "मी हाय ना. एवढ्यासाठी गॅरेज कशाला?" त्यांनी भोकांत शाडूची माती भरली, बोटाने गुळगुळीत केली आणि वर मूर्तीचाच पांढरा रंग दिला. नंतर भोकं मलाही सापडेनात.

काकांना घेऊनच रोह्याला गेलो. पोहे झाले. मुलीचे वडील बाहेर आले, म्हणाले, "गाडीनं वडखळपासून धूळ खाल्लीय," आणि त्यांनी पाइप लावला. मी धावेपर्यंत माती ओघळली, चारही भोकं उघडी.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

काका शांतपणे म्हणाले, "शाडू हाय ती. पाण्यात विरघळली नाय तर माझं नाव खराब."

सासरे हसत हसत पायरीवरच बसले. होकार तिथेच मिळाला.

काका आता नाहीत. परवा एक गॅरेजवाला स्वस्तात भोकं बुजवून देतो म्हणाला. बायकोने विचारलं, "पाणी मारलं की निघेल ना?"

"नाय ताई, पक्कं काम हाय."

"मग नको," ती म्हणाली.