सुरजला थेंब देऊ नका

सन्माननीय अध्यक्षा, सरपंच चंद्रिकाताई, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या डॉक्टर संखे मॅडम, आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांवरून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी चिमण, आरोग्य केंद्राच्या गाडीचा चालक. थोडक्यात बोला, अशी मला सूचना आहे. पण ब्रेक माझ्याच पायाखाली आहे, तेव्हा बघू.

मॅडमना आपण घाबरायचो, खरं ना? पोराची लस चुकवून ताडावर लपलेला बाप मी पाहिलाय. मॅडम खालून म्हणाल्या, "बसा निवांत. मी डबा आणलाय."

त्याच मॅडम एका पोलिओच्या रविवारी मला म्हणाल्या, "चिमणभाऊ, गाडी काढा. जिवलीच्या सुरजला थेंब जाता कामा नयेत."

सुरज काही महिन्यांचा होता. जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लशीची, जखम चिघळलेली, काखेत गाठ, ताप हटेना. आदल्या दिवशी मॅडमनी जिवलीला विचारलं होतं, "तुझ्या माहेरी तान्ही बाळं गेलीत का?"

"माझे दोन भाऊ. आम्ही मुली तेवढ्या जगलो."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा थेंब पाजणाऱ्या ताईनं सुरजचं तोंड उघडलेलंच होतं. मॅडमनी मध्ये हात घातला. थेंब त्यांच्या तळहातावर पडले.

सुरजची आजी शुक्री म्हणाली, "आजवर पाजा म्हणून मागं लागायची, आता नको म्हणते. बाईला झालं काय?" सगळा पाडा हसला.

मॅडम ओट्यावर बसल्या. "आजी, काही लशींत रोगाचं जिवंत, पण दुबळं बी असतं. आपल्या अंगातले राखणदार त्याच्याशी लढून शिकतात. याच्या अंगात राखणदारच नाहीत, असं मला वाटतं. जिवलीच्या माहेरच्या मुलग्यांनाही हेच झालं असावं. याला थेंब नकोत, आणि याच्या बहिणीलाही नकोत, तिच्याकडून ते बी याला लागेल. बाकी सगळ्या पोरांना द्यायचेच."

मुंबईच्या तपासणीत तेच निघालं. बीसीजीच्या जंतूंवर क्षयाची औषधं सुरू झाली. मग मोठ्या बहिणीचा, रविनाचा, हाडांतला मगज जुळला, तो सुरजला चढवला. सुरज वाचला. भांडण झालं की रविना त्याला सुनावते, "माझ्या मालावर चालतोस."

पुढे जिवलीला आणखी एक मुलगा झाला. रक्ताचा अहवाल येईपर्यंत मॅडमनी त्याची बीसीजी थांबवली. अहवाल चांगला आला. तरी सुई हातात घेऊन मॅडम थबकल्या. जिवलीनंच बाळाचा डावा दंड उघडा केला.

"टोचा मॅडम. मी धरते."

मॅडम, त्या दिवशी तुम्ही गाडीत रडलात. मी आरशातून पाहिलं आणि गाडी हळू घेतली.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात कुठे खड्डा लागला असेल, तर उदार मनाने सांभाळून घ्यावं.