घाण्याला आज्जीचा हात

पाथर्डीच्या एसटीत निवृत्त मास्तर नारायणरावांच्या पुढच्या बाकावर एक शहरी मुलगी शेजारच्या रतनबाईंना विचारत होती.

“आजी, लग्नातल्या हळदीच्या गाण्यांना घाणा का म्हणतात हो?”

तेलाच्या घाण्यापासूनची व्युत्पत्ती सांगायला नारायणरावांनी घसा खाकरला, पण रतनबाईच आधी बोलल्या.

“जात्यावर हळद दळायची, दळताना गायचं. हात आन् गळा संगं फिरला की झाला घाना.”

“तुम्ही दोन्ही करता?”

“माझा निस्ता गळा. जात्याला हात सवाष्नींचा. धनी गेल्यापासून बारा वर्सं उंबऱ्याबाहिरून गाते.”

“आजही?”

“आज नातीची हळद हाय. ती म्हंती, जात्याला आज्जीचा हात लागल्याबिगर हळद लावून घेनार न्हाई.”

नारायणरावांनी व्युत्पत्ती गिळली. “बाई, खिडकी लावतो. वारं लागेल, गळा जपा.”

“गळ्याचं काय घिऊन बसलात, भाऊ? आज हात जपायचाय!”